शेजाऱ्याचा फ्रिज आणि माझा उत्पन्नाचा दाखला

मी गरीब आहे, हे सरकारला पटवायला मला दोन दिवस लागले. त्यातला पहिला दिवस मी श्रीमंत होतो.

त्याचं असं झालं, आमच्या सुजाताचा नर्सिंगला नंबर लागला. शिष्यवृत्ती मिळाली तर कॉलेज, न्हाईतर हितंच, जवळा बाजार गावात, माझ्या शिलाई मशीनशेजारी तिची मशीन! फॉर्मला उत्पन्नाचा दाखला पाहिजे आणि मुदत उद्यापर्यंतच. पोरगी सकाळपासून अंगणात येरझारा घालून राहिली.

"बाबा, तलाठी साहेब चौकशीला येणार हायेत. खरं तेवढंच सांगा!"

खरं सांगायला माझं काय जातंय? पण नेमके त्याच दिवशी शिरड शहापूरचे पाहुणे आमचं घर बघायला आले! थोरल्या मिलिंदला ते मुलगी देणार होते. मग मी शेजारचा सोफा आणला, फ्रिज आणला (आत शेजाऱ्याचं दही होतं, ते बी आलं!) आणि दारात मेहुण्याची मोटारसायकल लावली.

पाहुणे म्हणाले, "आमच्या किराणा दुकानात दोन माणसं कामाला हायेत."

मी काय मागं हटतो! "आमच्याकडं चार कारागीर!"

तेवढ्यात तलाठी आले. "काका, महिन्याची कमाई किती?"

दाराआडून सुजाता हातानं 'कमी, कमी' करून राहिली. पाहुण्यांनी कान टवकारलेले. माझी चुळबुळ, घाम... आणि तोंडातून निघून गेलं, "लाखभर तर कुठंच जात न्हाई!"

तलाठ्यांनी फ्रिज बघितला, मोटारसायकल बघितली, थंडगार सरबत प्यायलं आणि लिहून घेतलं.

सगळे गेल्यावर पोरगी गुपचूप माझ्या मशीनवर जाऊन बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

"काहून गं लेकरा?"

"सवय करून घेते, बाबा."

रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई! सकाळी तलाठी यायच्या आत मी त्यांच्या ऑफिसच्या पायरीवर. ते आले तसं म्हणालो, "साहेब, कालचं सगळं खोटं!"

"फ्रिज कुणाचा?"

"शेजाऱ्याचा."

"मोटारसायकल?"

"मेहुण्याची."

"मग घरात तुमचं काय हाय?"

"साहेब, दही बी माझं न्हाई!"

ते पोट धरून हसले आणि चौकशी पुन्हा लिहिली. तो कागद घेऊन आमी बापलेक औंढ्याला तहसीलमध्ये पळालो. दुपारी दाखला हातात पडला, तशी सुजाता फॉर्म भरायला धूम पळाली. मी घाम पुसत मागं वळलो, तर दाखल्याच्या रांगेत, विरलेला सदरा घालून, शिरडचे पाहुणे!

"धाकटीला बी कॉलेज हाय," ते खाली बघत म्हणाले.

"अन् दुकानातली दोन माणसं?"

"एक मी, एक बायको. तुमचे चार कारागीर कुठं हायेत?"

"तुमच्यासमोर उभे हायेत," मी म्हणालो. "चारी!"