सहाशे चाळीस जवांची आंघोळ

मोजणीबाई त्या सकाळी इतक्या खुशीत होत्या की चहात दोनदा साखर पडली, आणि नवऱ्याने तो पाक मुकाट्याने प्यायला.

सत्तावीस वर्षं त्या संशोधन केंद्रात जवाची रोपं मोजत होत्या. मोजायचं यांनी आणि संशोधनाच्या पेपरात नावं साहेब लोकांची. यंदा मात्र साहेब म्हणाले होते, "हे गणित तुम्हीच मांडा. तपासायला येणाऱ्या मॅडमना पटलं तर पेपरात तुमचंही नाव." झालं! बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात.

गणित असं. एका बिघडलेल्या जनुकाने रोप बुटकं राहतं. दुसऱ्याने अंगावरचं पांढुरकं मेण जातं आणि रोप चकचकीत दिसतं. बुटक्याचा चकचकीताशी संकर करून त्यांची सहाशे चाळीस नातवंडं पेरली होती. या दोन जनुकांचा एकमेकांशी काही संबंध नसता, तर बुटकी आणि चकचकीतही अशी चाळीस रोपं निघायला हवीत. बाईंना मिळाली तीन! म्हणजे दोघं एकाच गुणसूत्रावर शेजारी बसलेले, सहजासहजी जागा न बदलणारे. शंभरात चौदा वेळाच काय ती अदलाबदल. हे चौदा बाईंनी आठवडाभर सगळ्या केंद्राला ऐकवलं होतं, अगदी फाटकावरच्या रखवालदारालाही.

मॅडम आल्या. बाईंनी तांब्यातलं पाणी एका बुटक्या रोपावर शिंपडलं. मेण असलं की थेंब घरंगळतो, नसलं की पाणी पसरतं. पाणी पसरलं. दुसऱ्यावरही पसरलं. दहाव्यावरही.

"बाई, तुम्ही तीन म्हणालात ना?" मॅडम म्हणाल्या. "इथे तर सगळीच चकचकीत आहेत."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सत्तावीस वर्षांची मोजणी एका तांब्यात बुडाली.

तेवढ्यात बांधावरून नवऱ्याचा आवाज आला. तो याच केंद्रात शिपाई, आणि धूळ दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. "कशी चमकतायत बघ! दोन दिवस पुसतोय. पाहुणे येणार, तुझी रोपं, आणि अंगावर ही पांढरी धूळ! म्हटलं, बरं दिसत नाही."

"अहो, काय केलंत हे!" बाई किंचाळल्या. "ती धूळ नाही हो, मेण आहे ते! सगळ्यांना आंघोळ घातलीत?"

"एक नाही सोडलं," तो अभिमानाने म्हणाला.

आधी मॅडमना हसू फुटलं. मग बाईंनाही. राग इतका आला होता की त्याला दुसरी वाटच मिळेना. हसता हसताच त्यांनी एका रोपाची फुगलेली पोटरी चाचपली. कणीस अजून आतच होतं.

"मॅडम, गुरुवारपर्यंत थांबाल? पीक पोटरीत आहे. कणसं बाहेर येतील, त्यांना यांचं फडकं लागलेलं नसेल. मेण आहे की नाही ते तिथे दिसेल."

चार दिवस नवऱ्याला शेताकडे फिरकायची बंदी होती. गुरुवारी कणसं निसवली, आणि बाई तांब्या घेऊन वाफ्यात शिरल्या. थेंब घरंगळायला लागले तशा त्या लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत पुढे सरकल्या. एक सापडलं, दोन, तीन. मॅडमनी वही मिटली.

शेवटच्या ओळीत, एका उंच रोपाच्या आड, एका बुटक्या रोपाचं कणीस होतं. बाईंनी सवयीने पाणी शिंपडलं. पाणी पसरलं.

चौथं. पहिल्या मोजणीत सुटलेलं. मॅडमची पाठ वळलेली होती. नुसतं पुढे सरकलं तरी चौदा कायम राहणार होते, आणि नावही.

"मॅडम, माझं चुकलं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "चार आहेत. चौदा नाही, सोळा."

मॅडमनी येऊन वाकून पाहिलं. मग वही उघडून चौदावर काट मारली, सोळा लिहिलं आणि पेन तसंच धरून विचारलं, "तुमचं नाव काय? पूर्ण सांगा."

सत्तावीस वर्षांत वही उघडून हे कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी नाव सांगितलं. आवाज फाटला, म्हणून पुन्हा सांगितलं.

"आणि आभारात आमच्या ह्यांनाही घाला," त्या म्हणाल्या. "त्यांनी घोळ घातला नसता तर चौथं कुणाला दिसलं असतं?"

"काम काय लिहू?"

"रोपांची निगा," बाई म्हणाल्या, आणि बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.