शुभांगीची नाव आणि माझी अट

गोष्टी गाळागत साचतात. पाणी भरलेलं असतं तवर दिसत न्हाईत, उतरलं की पायाला लागतात. नात शुभांगी दोन सीटची कयाक घेऊन आमच्या जेऊरकडच्या रानात आली नि आठ दिवसांत एवढं घडलं, की सांगितल्याबिगर चैन पडंना.

कयाक म्हंजे लांब, निमुळती नाव. समुद्रात वल्हवायची. मैत्रिणीसंगं तिला कोकणात न्यायची होती. आधी धरणाच्या पाण्यात टेस्ट. बसायला बरी नि ऐकणारी निघाली तर ठेवायची, न्हाईतर परत. पोरगी नावेसाठी झुरत होती, मी पोरीसाठी. आमचं जुनं गाव ह्याच पाण्याखाली गेलंय.

*

सून नारळ-लिंबू घेऊन आली. नव्या गाडीला करतोच की आपण. लिंबू चाकाखाली ठेवायला गेली, तर चाकच न्हाय. मग नारळ हाणला नावेच्या नाकाडावर.

"आई, फायबर हाय ते!" शुभांगी वरडली.

नारळ फुटला न्हाय, नावेचा टवका गेला. सून म्हणाली, "बरं झालं. दृष्ट न्हाय लागायची आता."

*

पहिल्याच फेरीत शुभांगीची कंबर धरली. सीट कडक. मी वाकळेची घडी करून खाली घातली. परत आली तवा वाकळ पाणी पिऊन म्हशीएवढी जड. मासे धरणारा महादू ती वढत म्हणाला, "काकू, नाव तपासताय का वाकळ धुताय?"

पोरगी म्हणाली, "कंबर मातर दुखली न्हाय." मग तिनं स्पंज कापून सीटला बसवला. माझ्याच गादीचा.

*

दुपारचं वारं सुटलं. शुभांगी नि महादू आत. नाव सारखी वाऱ्याकडं तोंड करायची. महादू तिला बैलागत "हो, हो" करत बसला. शेवटी शुभांगीनं नावेच्या बुडाला मागं असतं ते पातं पाण्यात सोडलं, तवा वळली.

महादू म्हणाला, "शेपटीचं ऐकती व्हय ही. आमच्या घरात तेवढंबी कोण ऐकत न्हाय."

*

एक दिवस काठावर बसले होते. नाव एकदम पालथी. पोरगी दिसंना. मी लुगड्यासकट पाण्यात शिरले. तर ती पलीकडनं वर आली, हसत.

"आज्जे, मुद्दाम उलटवली. बाहेर निघता येतंय का बघायचं असतं."

"मला सांगून उलटवायची की."

लुगडं पिळलं. मग अट घातली. "पुढच्या सीटवर मला बसव. मी हलले तरी कलंडली न्हाय, तर जा समुद्रात. कलंडली, तर देऊन टाक परत."

तिचं तोंड उतरलं. "आणि तू मुद्दाम हललीस तर?"

"हलणारच की."

*

सकाळी पाणी निवांत होतं. लुगड्यावर लाईफ जॅकेट, पायात चिखलाच्या चपला तशाच. महादू आपल्या होडीतनं शेजारी. पोरगी जीव मुठीत धरून वल्हवत होती.

टेकडीवरची चिंच नि पलीकडचा डोंगर एका रेषेत आला. मी पाय जवळ ओढले, वाकले, चपला काढायला लागले.

"आज्जे, आता कशाला? हलू नको."

"हीच खूण. खाली आपल्या जुन्या गावचं मारुतीचं देऊळ हाय."

तिनं वल्हं आडवं ठेवलं. मागं नाव लई डुलायला लागली. वळून बघितलं, तर तीबी वाकून बूट काढत होती.

डुलली, डुलली. कलंडली न्हाय.

शेजारच्या होडीतनं महादू म्हणाला, "मी हितं रोज अनवाणीच येतो, काकू."