नथ्थू मिस्त्रींचा नट

मी, केशव दाजीबा भोयर, वय ७९ वर्षे, शिक्षण चौथी पास, धंदा शेती, राहणार कोंढा, पूर्ण शुद्धीवर लिहून देतो की,

अड्याळचे नथ्थू मिस्त्री निर्दोष होते. दोषी मी आहे.

आज सकाळी ते वारले.

दुपारी घाटावर कोणीतरी हळूच म्हणाले, "मिस्त्रीचा नट शेवटपर्यंत ढिल्लाच राह्यला." चार जण हसले. मिस्त्रींच्या मुलाने मान खाली घातली.

ही थट्टा माझ्यामुळे सुरू झाली.

सात वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या जुन्या डिझेल गाडीचे इंजिन दुरुस्त केले. मिस्त्री लोक चांगले सामान काढून घेतात, असे मी ऐकून होतो. म्हणून गाडी देण्यापूर्वी डिझेल पंपाच्या खालच्या अंगाला मी तेलात कालवलेल्या शेंदराचा ठिपका लावला.

गाडी आणण्यास गेलो, तेव्हा मिस्त्री जेवायला गेले होते. ठिपका पाहण्यास पाइप आड येत होता. मी पान्याने त्याचा नट सोडला.

ठिपका नव्हता.

नट परत बसवला. हात धोतराला पुसले.

मिस्त्री आले. चावी फिरवली. सेल्फ फिरत होता, इंजिन उचलत नव्हते.

बाजाराचा दिवस होता. मी सर्वांसमक्ष म्हणालो, "तू पंप बदलवला आहेस."

"काहून बदलवीन जी, पाटील? दहा साल झाले तुमची गाडी पाहून राहिलो."

"चोर असेच बोलतो."

ते इंजिनवर वाकले. पाइपवरून बोट फिरवत नेले. नटापाशी बोट ओले झाले.

मग त्यांनी माझ्या धोतराकडे पाहिले.

त्यांनी फिल्टरवरचा हातपंप दाबला. नटातून आधी फेस आला, मग स्वच्छ डिझेल. नट कसला. गाडी सुरू झाली.

"काय झालतं, मिस्त्री?" चहावाल्या सदाशिवने विचारले.

"पाइपानं हवा धरली होती. नट माह्याच हातानं ढिल्ला राह्यला."

निघताना माझी नजर घमेल्यावर गेली. सामान धुतलेल्या काळ्या डिझेलच्या तळाशी लाल गाळ होता.

माझा शेंदूर.

तरी मी बोललो नाही. कोंढ्याचे ट्रॅक्टरवाले दुसरीकडे जाऊ लागले, तेव्हाही नाही.

उलट मला संशय आला. हा माणूस दोष अंगावर का घेतो? एक दिवस काहीतरी मागेल.

त्यांनी काही मागितले नाही. बाजारात भेटले की एवढेच विचारत, "पाटील, गाडी सुरू होते ना जी?"

त्यातही मला टोमणाच ऐकू येई. मी उत्तर न देता पुढे जात असे.

आज उत्तर देतो.

मिस्त्री, गाडी एका सेल्फवर सुरू होते. पंप माझाच होता. नट मी सोडला होता.

तुम्हाला माझा अखेरचा राम राम.

त्या दिवशी हजर साक्षीदार:
सदाशिव चहावाले.
भाजीवाल्या कौशल्याबाई.
आणि स्वतः नथ्थू मिस्त्री, ज्यांनी माझ्याविरुद्ध कधीच साक्ष दिली नाही.