बाबांच्या पद्मिनीवर आयसिंग

बाबांची पद्मिनी गाडी नवापूरच्या खाऱ्या वाऱ्यात कित्येक वर्षं टिकली आणि माझ्या हाताखाली आठवड्याभरात गेली.

मी बोईसरला राहते. घरच्या घरी केक करून विकते. माहेर नवापूरचं. बाबा आधी स्वतःच्या होडीवर मासेमारीला जायचे. वय झालं तशी होडी सोडली, पण गाडी सोडली नाही. पूर्वी काळ्या-पिवळ्या टॅक्सी असायच्या ना, त्या जातीची. आमची फक्त दुधी रंगाची. गावातली निम्मी लग्नं आणि बरीचशी बाळंतपणं तिनं पालघरला पोचवली. (त्यातलं एक बाळंतपण म्हणजे मी. आय सांगते, बाबांचं सगळं लक्ष तेव्हा सीट खराब होते का याकडे होतं.)

गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. पालघरला आरटीओचे साहेब येऊन गाड्या तपासणार होते. बाबांनी सगळं ठरवून टाकलं होतं. पासिंग झालं की तिथूनच थेट शिरगावला, आत्याकडे जेवायला. आत्याचे गुडघे गेलेत, तिचं नवापूरला येणं बंद झालंय. भावाची गाडी पुन्हा एकदा आपल्या दारात उभी राहिलेली तिला बघायची होती.

इंजिन ठणठणीत होतं. अडचण पत्र्याची होती. दारांच्या खाली आणि पुढच्या मडगार्डवर गंजानं भोकं पडली होती.

"गॅरेजवाला महिनाभर ठेवून घेल," बाबा म्हणाले.

"मी भरते," मी म्हणाले. "केक कुठं खचला तर मी भरून काढतेच ना? तसंच हे."

बाबांना पटलं. त्यांच्या वाढदिवसाच्या केकवर मी होडी काढली होती, तिच्या जाळ्याची गाठन्‌गाठ दिसत होती. ते सगळ्यांना अजून सांगतात.

आय मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "ती होडी तुमी खाल्ली. ही गाडी चालवायची हाय."

आयकडे आम्ही लक्ष दिलं नाही. पुढे आठवडाभर आम्ही हेच करत राहिलो.

बोईसरच्या रंगाच्या दुकानात मी पुट्टी मागितली. दुकानदारानं विचारलं, "मॅडम, गड्ढा है या छेद है?"

"दोनों," मी म्हणाले.

त्यानं तीन डबे समोर ठेवले. पहिल्या पुट्टीत काचेचे बारीक तंतू होते, ती भोकांसाठी. दुसरी साधी, खड्ड्यांसाठी. तिसरी अगदी मऊ, रंग मारायच्या आधी सुईच्या टोकाएवढी छिद्रं बुजवायला. मी तिन्हींत बोट घालून बघितलं. पहिलीत बोटाला काहीतरी टोचलं, दुसरी रवाळ लागली. तिसरी मात्र हुबेहूब बटरक्रीम.

"ये तो सिर्फ ऊपर-ऊपर का है," तो म्हणाला.

"मुझे फिनिशिंग अच्छी चाहिए," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग धंदेवाईक माणसानं विचारावं तेच विचारलं, "कितने डिब्बे?"

पुट्टीबरोबर एक छोटी लाल ट्यूब मिळते. त्यातलं मटाराएवढं मिसळलं की पुट्टी घट्ट होते. मी आयच्या वाडग्यात पुट्टी घेतली आणि आयच्याच पळीनं लाल ट्यूब कालवायला लागले. मटाराएवढ्यात रंग फारच फिका येत होता. (केकवाल्या बाईला फिका गुलाबी बघवत नाही.) मी आणखी पिळलं. छान रंग आला. बाबांना दाखवायला मी हाक मारली, ते चष्मा घालून आले, "वा" म्हणाले, आणि तेवढ्यात पळी हलेनाशी झाली. आय ती उचलायला गेली तर वाडगाही बरोबर उचलला गेला.

"आता कालवण कशानं वाढू?" आयनं विचारलं.

मी नवी पळी आणून दिली. तीही दुसऱ्या दिवशी गेली.

तिसऱ्या दिवसापासून हात बसला, असं मला वाटलं. आधी गंज पूर्ण खरवडून काढायचा असतो, हे डब्यावर लिहिलं होतं. पण खरवडायला गेलं की गंजाबरोबर पत्राही संपत होता, म्हणून मी मायेनं थोडा गंज राहू दिला. भोकांत पुट्टी आत पडत होती, म्हणून मागून वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. त्यावर थर, त्या थरावर थर.

"जाड लाव बाय," बाबा स्टुलावर बसून सांगायचे. "मजबूत होईल."

मी जाड लावलं. मडगार्डला अशी गोलाई आली की कारखान्यातही आली नसेल.

मग घासकाम. पॉलिश पेपरनं घासायला लागल्यावर गुलाबी भुकटी उडायला लागली. वारा समुद्रावरून येत होता आणि मागे जनीकाकीचं अंगण होतं. जनीकाकी म्हणजे आयची लहानपणापासूनची मैत्रीण. अंगणात बांबूंना दोऱ्या बांधून तिनं बोंबील सुकत घातले होते. दुपारी ती घरातून बाहेर आली आणि बोंबलांकडे बघत उभी राहिली.

"बाय," तिनं कुंपणावरून विचारलं, "माझं बोंबील गुलाबी का झालं?"

मी गाडीकडे बघितलं. बाबांनी समुद्राकडे बघितलं.

बोंबील धुता येईनात, विकता तर येणारच नव्हते. ओळच्या ओळ उतरवून तिला टाकून द्यावी लागली. तिच्या पहाटेपासूनच्या कष्टांवर मी पाणी फिरवलं होतं. संध्याकाळी मी मोठा चॉकलेट केक घेऊन माफी मागायला गेले. तिनं डब्याचं झाकण उघडून बघितलं.

"चांगला हाय," ती म्हणाली. "पण याची चटणी नाय होत."

नंतर तिनं केक खाल्ला, मला चहाही दिला. पण पुढचे चार-पाच दिवस ती आयशी बोलली नाही, आणि त्या दोघी एवढे दिवस न बोलता राहिल्याचं मला आठवत नाही.

रंग मारल्यावर मात्र गाडी अशी दिसायला लागली की आळीतली माणसं बघायला आली. आय अंगणात येऊन म्हणाली, "बरी दिसते." आयच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. तपासणीच्या दिवशी बाबांनी पांढरा सदरा घातला, मी शेजारी बसले आणि आम्ही निघालो.

पहिला तुकडा बोईसरच्या नवापूर नाक्यावर पडला. खड्ड्यात चाक गेलं, मागे काहीतरी टप्पकन वाजलं.

"काय पडला?" बाबांनी विचारलं.

"दुसऱ्या कुणाचं असेल," मी म्हणाले.

पालघरला पोचेपर्यंत दुसऱ्या कुणाचं बरंच काही पडलं.

साहेब तरुण आणि सौजन्यानं बोलणारे होते. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यांनी डाव्या मडगार्डवर हात टेकला आणि म्हणाले, "आजोबा, पेपर दाखवा." त्याच क्षणी हाताखालची मोठी खपली सुटून खाली पडली आणि आतून वर्तमानपत्राचा बोळा बाहेर आला.

साहेबांनी बोळ्याकडे बघितलं. "हे नाही," ते म्हणाले, "गाडीचे पेपर."

आजूबाजूचे रिक्षावाले हसले. मीही हसले असते, पण बाबांचा चेहरा दिसला. साहेबांनी खाली वाकून दाराखालच्या पट्टीला पेन लावलं. पेन आत गेलं. थोडं पुढे लावलं, तिथंही आत गेलं. मग त्यांनी पेन पुसून खिशात ठेवलं.

"आजोबा, पत्राच राहिला नाही हो. होता तोही घासून गेलाय. कापून नवा जोडायचा तर जोडायला धड कड तरी पाहिजे."

बाबांनी मान हलवली. वाद घातला नाही. घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

शिरगावचा रस्ता आला तेव्हा बाबांनी गाडी हळू केली, पण वळवली नाही. मी आत्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "कोलंबी केलेली रे देवा," आणि फोन ठेवला. नवापूर नाक्यावर एका फळवाल्यानं हात करून आम्हाला थांबवलं आणि खिडकीतून वरून दुधी, आतून गुलाबी असा एक तुकडा आत दिला. "काका, सकाळी पडला तुमचा." बाबांनी त्याला धन्यवाद दिले आणि तुकडा नीट डॅशबोर्डवर ठेवला.

"बाबा, मी वाट लावली गाडीची," मी म्हणाले.

"जाड लाव म्हणून कोण सांगत होता? मीच ना." त्यांनी खड्डा चुकवून गाडी नवापूरच्या रस्त्याला घेतली. मग म्हणाले, "तुझी आय काल काय बोलली ठाऊक हाय? बोलली, पोर आठवडाभर रोज घरी आली. अजून एक गाडी असती तं बरा झाला असता."

बोईसर ते नवापूर रिक्षानं जेमतेम अर्धा तास लागतो. त्या आठवड्याआधी मी कधी गेले होते ते आठवायला लागले, आणि घर येईपर्यंत आठवतच राहिले.

पुढच्या महिन्यात भंगारवाला आला. बाबा पडवीत पाठ करून बसले. गाडी वजनावर जाणार होती, त्यामुळे भंगारवाल्याची एक अट होती. "ये मसाला लोहा नहीं है, निकालना पड़ेगा." त्यानं हातोडी घेतली आणि माझं आठवड्याचं काम चहा पिता पिता झाडून टाकलं. मग तो डिकीपाशी आला. तिथं गंज नव्हता, नुसता एक पोचा होता. डबा संपत आलेला, म्हणून मी उरलंसुरलं तिथं पातळ फासलं होतं. हातोडी मारली, निघेना. छिन्नी लावली, निघेना. तो घामाघूम झाला, हातोडी खाली ठेवून त्या जागेवरून बोट फिरवलं आणि आदरानं विचारलं, "ये किसने लगाया? एकदम पक्का काम है."

मी पुढे झाले, पडवीतल्या बाबांच्या पाठीकडे बघितलं आणि म्हणाले, "गॅरेजवाल्यानं."