मर्सिडीजला लावलेला हात

श्रीवर्धनच्या सदाचा हात होड्यांच्या वायरिंगवर बसलेला. खाऱ्या हवेत वायरीचा प्रत्येक जोड सडतो, म्हणून मूळ वायर कापणाऱ्याचा त्याला भयंकर राग. सुपारीबागवाल्या सलिलच्या जुन्या मर्सिडीजमध्ये हँड्सफ्री बसवायला मुंबईच्या मेकॅनिकने चार वायरी कापून ठेवल्या होत्या. ते बघून सदाचं डोकंच फिरलं. शिव्या घालत त्याने त्या अख्ख्या बदलल्या आणि दोन दिवसांत, एकही जोड न ठेवता, हँड्सफ्री चालू केलं.

सलिलने बायकोला फोन लावला. तिचा आवाज गाडीभर घुमला, "त्या गावठी माणसाला गाडीला हात लावू देऊ नकोस हं."

सलिल घाईघाईने बटण शोधू लागला. सदाने त्याचं मनगट धरलं.

"लावला हात, वहिनी. म्हणून तर तुमचा शब्द न् शब्द ऐकू आला."