सिस्टरांचं लांबचं मिशन

समोरच्याच्या अंगावरचा कपडा कधी जुना होतोय, याची त्याच्यापेक्षा जास्त आतुरतेनं वाट पाहणारी एकच व्यक्ती साऱ्या बीड जिल्ह्यात होती, आणि ती म्हणजे केजच्या आमच्या शाळेतल्या सिस्टर. मी त्यांच्या हाताखाली तिसरी-चौथी शिकले आणि पुढं त्याच शाळेत बाई म्हणून लागले. मी नवी साडी नेसून गेले की बाकीच्या बाया म्हणायच्या, रंग छान आहे. सिस्टर मात्र पदराचं कापड दोन बोटांत धरून बघायच्या आणि विचारायच्या, "दोन वर्षं नेसशील का तीन?" मी काहीतरी सांगून टाकायची. ती मुदत संपली की सिस्टर आठवण करून द्यायला हजर. माझा लग्नातला शालू वाचला, त्याचं श्रेय माझ्या सासूबाईंचं. त्यांनी तो कुलपात ठेवला होता.

हे सारं मिशनसाठी. सिस्टर मूळच्या कर्नाटकातल्या, समुद्राकाठच्या गावच्या. तरुणपणी त्यांना लांबच्या मिशनवर जायचं होतं, आसामच्या डोंगरात नाहीतर थेट आफ्रिकेत, जिथं त्यांच्या धर्मसंघाच्या सिस्टर दवाखाने आणि शाळा चालवायच्या. त्यांनी तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा वरून एकच उत्तर आलं, केजची शाळा सोडता येणार नाही. चौथा अर्ज त्यांनी केलाच नाही. आपल्याला जाता येत नाही तर सामान तरी जाऊ दे, असं म्हणून त्या जुन्या साड्यांच्या गोधड्या, स्वेटर, चष्मे, पाट्या जमवायला लागल्या, आणि पुढं चाळीसएक वर्षं थांबल्या नाहीत. शाळेच्या मागच्या खोलीत डांबरगोळ्यांच्या वासात ही गाठोडी छतापर्यंत गेलेली असायची. आमचा शिवणाचा तास म्हणजे गोधडीचा तास. भूगोलाचा तासही हळूहळू तिकडंच सरकायचा. आपली गोधडी कुठं जाणार, तिथं थंडी किती, नदी कोणती, हे सिस्टर इतकं रंगवून सांगायच्या की आफ्रिकेतल्या नद्या आम्हाला पाठ होत्या आणि घराजवळची मांजरा कुठं उगम पावते ते परीक्षेत एकीलाही लिहिता आलं नाही.

त्यांची मराठी त्यांना पुस्तकातून मिळाली नव्हती. ती त्यांनी केजच्या आठवडी बाजारात, भाजीवाल्या आणि गुरांचे व्यापारी यांच्या तोंडून उचलली होती. त्यामुळे शुभ्र झग्यातल्या, गळ्यात क्रूस घातलेल्या सिस्टर वर्गात येऊन "काल कावून आली न्हाईस ग?" असं विचारायच्या तेव्हा नव्या पोरी बघतच राहायच्या. बाजारात माणसं एकमेकांना 'बे' म्हणतात, तेव्हा हा आदराचाच शब्द असणार, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. एकदा शाळा तपासायला साहेब आले. सिस्टर दारापर्यंत सामोऱ्या गेल्या, हात जोडले आणि अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "या बे साहेब, बसा." साहेब क्षणभर थबकले आणि मग इतके हसले, की तपासणी राहिली आणि चहाच झाला. जाताना त्यांचा जुना चष्मा मात्र सिस्टरांकडं राहिला.

एका वर्षी गावातले एक पुढारी रागानंच शाळेत आले. त्यांच्या मुलीनं आजीचं लुगडं गोधडीसाठी परस्पर आणलं होतं.

"सिस्टर, म्हातारी घर डोक्यावर घ्यायलीय," ते म्हणाले. "अन् ते लुगडं जाणार कुठं, तर आफ्रिकेत. आपल्या गावात गरीब न्हाईत का?"

"हायत. लई हायत," सिस्टर म्हणाल्या. "गावातल्यांचं तुमी बघताव. लांबच्यांचं बघायला कुनी न्हाई, म्हनून मी बघते. म्हातारीचं लुगडं घेऊन जावा. पण मालक, घरात अजून किती पडून हायत?"

पुढारी निघून गेले. तिसऱ्या दिवशी त्यांची जीप गाठोडं घेऊन आली. सोबत खुद्द म्हातारी होती, आपलं लुगडं कुठं जातंय ते बघायला. ती त्या खोलीत बसली, पोरींचे टाके बघून "असले टाके असत्यात का कुठं?" म्हणाली आणि मरेपर्यंत दर गुरुवारी गोधड्यांचे काठ घालायला येत राहिली.

पुढाऱ्यांचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की आमच्या शाळेतली कितीतरी पोरं म्हाताऱ्यांपाशी उरायची, थंडी पडली तरी एकाच सदऱ्यावर यायची. ती समोर असताना सिस्टरांची नजर सदा लांब असते, हे मला खुपायचं. बोलायचं धाडस मात्र कधी झालं नाही.

सिस्टरांच्या संन्यासव्रताला पन्नास वर्षं झाली तेव्हा शाळेत छोटा समारंभ केला. त्यांची धाकटी बहीण गावाहून आली होती. मी हिंदीत बोलत तिला शाळा दाखवत होते. ऑफिसच्या भिंतीवर आमच्या तिसरीच्या वर्गाचा फोटो होता. सगळ्या पोरी नव्या फ्रॉकमध्ये, आणि प्रत्येक फ्रॉकला माशाच्या आकाराचा खिसा. ती बाई फोटोपाशी थांबली, काचेवर बोट ठेवून म्हणाली, "हे खिसे आमच्या आईचे."

मला काही उमजेना. मग तिनं सांगितलं. थोरली बहीण केजला गेली तेव्हा त्यांच्या गावच्या चर्चमधल्या बायांनी ठरवलं, की आपली पोरगी लांबच्या मिशनवर गेलीय, तिथल्या लेकरांसाठी काही पाठवू. दर रविवारी प्रार्थनेनंतर बाया शिवायला बसायच्या. 'बीड' असं लिहून पेट्या रेल्वेनं आणि पुढं एस.टी.नं यायच्या. त्यांची आई मासळी विकायची, तिला खिसा म्हटलं की मासाच सुचायचा.

तो फ्रॉक मला पाढ्यांचं बक्षीस म्हणून मिळाला होता. दुष्काळाचं साल होतं. घरी दुसरा फ्रॉक नव्हता, आणि मी तो दोन वर्षं मिरवला, कारण तो मी जिंकला होता. आता आठवलं, की त्या वर्षी आम्हा बावीस मुलींना बावीस बक्षिसं मिळाली होती. कुणाला अक्षराचं, कुणाला स्वच्छ नखांचं, आणि एकीला, जी कधीच तोंड उघडायची नाही, शांत बसण्याचं.

संध्याकाळी मी सिस्टरांना गाठलं. म्हटलं, "सिस्टर, आम्हाला कधी सांगितलं नाहीत."

त्या फुलांच्या माळा सोडवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांगितलं असतं तर बक्षीस राहिलं असतं का?"

ऊसतोडीवाल्यांच्या पोरांना डिसेंबरात कधी धावण्याचं, कधी फळा पुसण्याचं बक्षीस म्हणून स्वेटर मिळायचे, तेही मला तेव्हा दिसलं. मी इतकी वर्षं त्याच शाळेत होते.

पुढं सिस्टरांचे गुडघे गेले, विसरायला व्हायला लागलं, आणि संघानं त्यांना त्यांच्या मूळ गावाजवळ, म्हाताऱ्या सिस्टरांसाठीच्या घरी नेलं. मागच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. दोन दिवसांचा प्रवास झाला. त्या व्हरांड्यातल्या बाकावर समुद्राकडं तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली. त्या माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या. मग मी नुसतं "केज" म्हणाले.

"लई लांबून आलीस," त्या म्हणाल्या, आणि गुडघ्यांवर हात टेकून हळूहळू बाकाच्या कडेला सरकल्या, मला बसायला जागा व्हावी म्हणून.