शमीमला चहाला बोलवायचं

शमीमच्या धाकट्या भावाचा, इकबालचा, फोन आला तेव्हा मी सकाळची गोळी घेतली होती आणि फोनच्या पडद्यावर त्या गोळीपुढे खूण करणार होते. "बाई, आपा गेली," तो म्हणाला, आणि मग पलीकडून नुसते घरातल्या बायकांचे आवाज येत राहिले. पहाटेची नमाज पढून शमीम जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. खूण राहून गेली... मुलांनो, त्या दिवशी तिकडे परदेशात तुम्ही दोघांनी ती कोरी जागा पाहिलीत आणि घाबरून मला फोन केलात. आजीची गोळी तुम्हाला तिकडून दिसावी ही सोय शमीमनंच केलेली. आता दीड-दोन महिने उलटले. तिच्याविषयी नीट काही सांगण्याइतकी मी आता कुठे थाऱ्यावर आले आहे. हे तुमच्यासाठी लिहिते आहे. इतरांनी वाचलं तरी तिची हरकत नसावी. गिऱ्हाईक जास्त झालं, असं ती कधी म्हणाली नाही.

शमीम माझी शाळेतली विद्यार्थिनी. नारपोलीत तिच्या वडिलांचा लूमचा कारखाना होता, आणि कापड घ्यायला आलेल्या माणसाचा चेहरा वाचायला ती तिथेच शिकली. वडिलांमागे कारखाना बंद पडला. पुढे ती पूर्णा गावातल्या एका गोदामात लागली. कोण कुठल्या शिफ्टला, कोणाचा खाडा, हे ती संगणकावर असं मांडायची की दारातून आत येणाऱ्याला न विचारता कळावं. मग हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी उभ्यानं करायची ड्युटी बंद करायला सांगितली, आणि गोदामात बसून करायचं कामच नव्हतं. लग्न तिनं केलं नव्हतं, राहायची इकबालकडे. तो कधी काही बोलला नसता, पण ती मला म्हणाली, "भाऊ चांगलाय म्हणूनच त्याच्यावर बसून खायचं न्हाय, बाई." आजारपणाची रजा संपायच्या आत घरबसल्या स्वतःचं काम उभं करायचं, नाहीतर दुखणं घेऊन पुन्हा शिफ्टला जायचं, एवढंच तिच्या हातात होतं.

तिनं टेम्प्लेटं करायला घेतली. टेम्प्लेट म्हणजे फोनवर किंवा संगणकावर कामासाठी आखून ठेवलेली तयार पानं. घेणाऱ्यानं आपला मजकूर भरायचा आणि घरच्यांनी मिळून वापरायचं. मांडणी तिची, भाषा माझी, असं ठरलं. माझ्या आग्रहाखातर पहिली पानं अगदी स्वच्छ झाली: सरळ रकाने, करडा रंग, आत एक अक्षर नाही. ती इंटरनेटवर विकायला ठेवली, तर लोक येत, पाहत आणि काही न घेता निघून जात. शमीमनं काही दिवस ते पाहिलं आणि म्हणाली, "बाई, आपण धुतलेलं ताट पुढे ठेवतोय. भूक कशी लागणार?"

तिचा विचार सरळ कापडबाजारातून आला होता. गिऱ्हाईक आधी कापडाचं अख्खं थान मागत नाही, चिंधी मागतं. ती चिमटीत धरून चोळतं, ओली करतं, उन्हात नेऊन रंग बघतं, आणि मगच भावाचं बोलतं. तेव्हा प्रत्येक टेम्प्लेटाचा एक तुकडा फुकट द्यायचा, आणि तो कोरा नाही, वापरातला. वर नाव द्यायचं 'चिंधी'. मी हादरलेच. चिंधी म्हटलं की लोकांना फालतू वाटेल, 'नमुना' लिही, असं मी बजावलं.

"नमुना?" ती हसायला लागली. "आमच्या गल्लीत नमुना म्हणजे येडा माणूस. तुमच्या नातवंडांना विचारा, कोणाला म्हणतात ते."

चिंधीच राहिली.

वापरातला तुकडा दाखवायला वापरणारं घर हवं होतं. तिनं माझं घर घेतलं. एक रकाना औषधांचा, एक 'आज काय केलं'चा, आणि तिसरा 'बोलायचं राहिलं'. तुमची रात्र ती माझी सकाळ. फोनवर मी महत्त्वाचं विसरते आणि नको ते सांगत बसते, हे तिनं समोर बसून पाहिलं होतं. मग त्यात ओळी आल्या: 'आजीचा चष्मा फ्रिजवर आहे.' 'वांगी आणली, ती कडू निघाली.' लाल रंग तिनं कुठेच येऊ दिला नाही. लाल दिसला की म्हाताऱ्या माणसाला वाटतं आपलंच चुकलं, असं तिचं म्हणणं. चुकलेली गोळी तिथे फक्त कोरी जागा म्हणून दिसते. वरती एकच सूचना: 'ही चिंधी आहे. चोळून बघा. पसंत पडली तर माझे शब्द पुसा, तुमचे लिहा.'

आणि लोक थांबू लागले. कोणी लिहायचं, आमच्या आईचा चष्माही फ्रिजवरच सापडतो. कोणाला म्हशींच्या औषधांसाठी तसंच पान हवं होतं. शमीमनं तेही केलं, आणि म्हशींची नावं माझ्याकडून ठरवून घेतली. प्रत्येकाला ती स्वतः उत्तर द्यायची. रजा संपली त्या दिवशी ती गोदामात गेली ती राजीनामा आणि मिठाई घेऊन. परतताना माझ्याकडे आली, दारातच म्हणाली, "बाई, आता मी मालक. वेळ न घेता आले तरी चालेल ना?"

हा टोमणा होता. माझ्याकडे यायचं तर आधी कळवावं लागतं, हे अख्ख्या शाळेला माहीत होतं. म्हणून नमुन्यातल्या... चिंधीतल्या तिसऱ्या रकान्यात तिनं एक ओळ घालून ठेवली होती: 'शमीमला चहाला बोलवायचं.' ओळखदेख नसलेल्या किती घरांनी ती वाचली असेल आणि सूचनेप्रमाणे पुसलीही असेल. माझ्या पानावर मात्र निराळाच खेळ चाले. झालेलं काम पुसायचं, ही माझी शिस्त. ती चहा पिऊन उठली की मी ती ओळ पुसायची. खालच्या फाटकाशी पोचायच्या आत ती आपल्या फोनवरून पुन्हा लिहायची, आणि वर खिडकीकडे बघून हात हलवायची.

शेवटची आली तेव्हा आलं जास्त पडलं होतं. ती म्हणाली, खोकल्याला बरं. ती गेल्यावर मी ओळ पुसली, तिनं लिहिली, हात हलवला.

परवा तू तिकडून विचारलंस, राणी, तिसऱ्या रकान्यातली ही ओळ आता काढून टाकू का? तुझा हेतू चांगला आहे, कळतं मला. पण राहू दे. या घरचा नियम तुला ठाऊक आहे: झालेलं काम पुसायचं. हे काम झालेलं नाही.